चार दिवसांचा आठवडा कुणाचा?

सुट्टी पडली की काम थांबतं, असं पांढरपेशांना वाटतं. काम थांबत नाही. ते साचतं. आणि साचलेलं काम कुणाच्या डोक्यावर टाकायचं हे या देशात फार आधी ठरून गेलंय. म्हणून सुट्टीनंतरचा तो छोटा आठवडा हा चहा पिता पिता बोलून सोडून देण्याचा विषय नाही दोस्तांनो. तो पगाराचा विषय आहे आणि जातीचाही आहे.

२०२५ चा एप्रिल काढा. गुरुवारी १० तारखेला महावीर जयंतीची सुट्टी. १२ आणि १३ ला शनिवार-रविवार. सोमवारी १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. पुढं शुक्रवारी १८ ला गुड फ्रायडे, त्याला लागून परत शनिवार-रविवार. म्हणजे १४ तारखेच्या आठवड्यात सरकारी कचेऱ्यांना कामाचे दिवस उरले तीन. मंगळ, बुध, गुरू. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात एक शुक्रवार मधेच लोंबकळत राहिला, ११ एप्रिलचा. तेवढी एक किरकोळ रजा टाकली की सलग पाच दिवस मोकळे. आमच्या कचेरीत निम्म्यांनी ती टाकली. कुणी अलिबागला, कुणी महाबळेश्वरला, कुणी कोकणातल्या घरी. ११ एप्रिल हा जोतिबा फुल्यांचा जन्मदिवस. त्या दिवशी सुट्टी का नाही म्हणून चरफडत कॅलेंडर बघणाऱ्या किती जणांना जोतिबांची तारीख त्या निमित्तानं पहिल्यांदाच कळली असेल, देव जाणे. म्हणजे त्यांचा देव, आपला नाही.

मी एका निमसरकारी कचेरीत कारकून आहे, आवक-जावकच्या टेबलावर. राखीव जागेवर लागलो, हे छातीठोक सांगतो. त्यामुळं हा छोटा आठवडा मला आतून ठाऊक आहे. सोमवारी जयंतीला कचेरी बंद म्हणून शुक्रवारी हजर होते तेवढ्यांनी दोन फोटो शेजारी शेजारी मांडले, जोतिबा आणि बाबासाहेब, आणि एकाच पुडीतल्या फुलांत दोघांनाही उरकलं. पाच मिनिटं. मग मंगळवारी सगळे साडेदहा-पावणेअकराला उगवले. मंगळवार असून सोमवार वाटतोय, हे वाक्य दिवसभरात निदान वीस जणांनी मला ऐकवलं. टपाल चार दिवसांचं तुंबलेलं. ज्याला त्याला तीन दिवसांत पाच दिवसांचं काम कसं बसवायचं याची चिंता, आणि चिंता करता करता गुरुवार आला, की पुन्हा ‘आता सोमवारीच बघू’. हे झालं आमचं जुळवून घेणं. सोपं आहे. टेबलावरचा कागद नासत नाही.

कचरा मात्र नासतो. शुक्रवारी संध्याकाळी डस्टबिनमध्ये टाकलेले चहाचे कप, डब्यातलं उरलेलं, बेसिनमध्ये अडकलेला भात, हे सगळं शनिवार, रविवार, सोमवार एप्रिलच्या उकाड्यात बंद इमारतीत बसून असतं. संडासातलं पाणी आटतं, वास मजल्यावर चढतो. गॅलरीत कबुतरांनी तीन दिवस मोकळं रान करून ठेवलेलं असतं. शिवाय ते दोन हार. वाळून काळे पडलेले. मंगळवारी सकाळी साहेब लोक यायच्या आत हे सगळं लख्ख झालं पाहिजे. माणसं तेवढीच, बादल्या तेवढ्याच, फक्त यायची वेळ आठच्या ऐवजी सहा. जादा दोन तासांचे पैसे नाहीत. सुपरवायझर एकच शब्द बोलतो: “जरा ॲडजस्ट करा.”

या शब्दावर माझा राग आहे. इंग्रजीत तो काय असेल तो असो, आपल्या शहरात त्याचा अर्थ एकच झालाय: वरचा सांगणार आणि खालचा सोसणार. लोकलमध्ये चौथी सीट ॲडजस्ट, झोपडपट्टीच्या नळावर ॲडजस्ट, ठेकेदाराकडं ॲडजस्ट. साहेबानं शिपायासाठी ॲडजस्ट केलं, असं वाक्य तुम्ही कधी ऐकलंय? मी ऐकलेलं नाही.

माझी थोरली वहिनी अशाच दुसऱ्या एका सरकारी इमारतीत ठेक्यावर सफाईला आहे. तिचं एक वाक्य सांगतो. त्या एप्रिलात मी म्हणालो, वहिनी, या आठवड्यात तीनच दिवस, जरा आराम असेल. ती म्हणाली, “भावजी, तुमची सुट्टी म्हंजी माझा दुप्पट कचरा, आन् पगाराला कात्री.” मग तिनं हजेरीचा हिशेब सांगितला. एप्रिल २०२५ मध्ये रविवार चार. राहिले २६ दिवस. शनिवारी कचेरी बंद असली तरी सफाईला बोलावतातच, फरशा घासायला, पंखे पुसायला. म्हणजे तिची हजेरी २६ भरायला हवी. भरली २३. १० तारीख, १४ तारीख आणि १८ तारीख, गेटला कुलूप, म्हणून तीन खाडे. तिनं दांडी मारली नव्हती, आजारी नव्हती, दार आतून बंद होतं. तरी खाडा तिच्याच नावावर. माझ्या पगारातून त्याच तीन दिवसांची दमडी कापली गेली नाही.

आता नीट ऐका. त्या तीन खाड्यांतला एक १४ एप्रिलचा. म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीचा दंड बाबासाहेबांच्या लेकीनं भरला, आणि ज्यांनी वर्षभर आरक्षणाला शिव्या घातल्या त्यांनी त्याच जयंतीची भरपगारी सुट्टी अलिबागच्या वाळूत घालवली.

हे नवं आहे असं समजू नका. गावगाड्यात सण कुणाचा होता आणि सणाचं काम कुणाचं होतं ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. होळीला लाकडं कुणी ओढली? पोळ्याला बैल मिरवायचे पाटलाचे, आणि वाजवायचं, धावायचं, राबायचं आपण. लग्न गावचं, वर्दी द्यायला महार. सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं धावायला महार. ज्या दिवशी गाव बसून पुरणपोळी खात होतं तो दिवस महारवाड्याचा सगळ्यात राबणुकीचा दिवस होता, आणि मजुरी म्हणजे संध्याकाळी दारोदार फिरून गोळा केलेलं उरलंसुरलं. वतन म्हणत त्याला. मोठा मान! चोवीस तासांची चाकरी, आठवड्याला सुट्टी नाही, वर्षाला सुट्टी नाही. एक माणूस आजारी पडला तर घरातला दुसरा उभा राहिला पाहिजे, म्हणजे रजाही घरच्यांनीच भरून काढायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणलं ते उगाच नाही. ती वतनं कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं. बाबासाहेब तेव्हा नव्हते.

शहरात आलो, वतन गेलं, झाडू राहिला. सणाचा कचरा उचलण्याचा हक्क आपल्याकडंच राहिला. गणपती बुडवल्यानंतरची चौपाटी बघा, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचा फटाक्यांच्या कागदांनी लाल झालेला रस्ता बघा, आणि तो लोटणाऱ्यांची आडनावं विचारा.

सुट्टीचा कायदा बघायला गेलो तर आणखी गंमत आहे. राज्य सरकार सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं ती कुठल्या कायद्याखाली? परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. नाव वाचून घाबरू नका. हा हुंड्यांचा आणि चेकांचा कायदा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती कधीची धरायची, यासाठी त्यात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या घातली. म्हणजे आपण ज्याला सुट्टी म्हणतो तिचा कागदावरचा जन्म सावकाराच्या वायद्यासाठी झाला, राबणाऱ्याच्या पाठीसाठी नाही. त्याच १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात पोरांच्या कामाच्या तासांबद्दल थोडंफार होतं. मोठ्या माणसाच्या सुट्टीबद्दल एक अक्षर नव्हतं. हुंडीची सोय १८८१ मध्येच झाली, गिरणी कामगाराला रविवार मिळायला १८९० उजाडलं.

आणि तोही कुणी दिला नाही, घेतला. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपल्या पोरांना पाठ पाहिजे. जोतिबांचा साथी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चा संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारला दिला. पहिली मागणी आठवड्यातून एक दिवस सुट्टी. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षं रखडवलं. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन बायका उभ्या राहून बोलल्या. त्या काळात, भर सभेत, गिरणीतल्या दोन बायका! त्यानंतर १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज रविवारी सकाळी उशिरा उठून मिसळ खायला जाणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं रविवार पंचांगातून पडला.

त्या गिरणीत आपली माणसंही होती, पण कुठल्या खात्यात? विणकाम खात्यात आपल्याला उभं करत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, महाराच्या तोंडाचा धागा सवर्णानं कसा ओढायचा! म्हणून जास्त पगाराचं खातं बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हाच सवाल केला होता. रविवार सगळ्यांचा झाला तेव्हाही पगार सगळ्यांचा सारखा नव्हता. वर्गाची भाषा बोलणाऱ्या आमच्या मित्रांनी तेव्हाही ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आजही करतात.

मग १९४२ ते १९४६. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. १९४५ मध्ये फॅक्टरी कायद्यात भरपगारी रजा आली. १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. शब्दाकडं लक्ष द्या, भरपगारी. रजा नुसती रिकामी बसवून उपाशी ठेवणारी नको, पगारासकट हवी, हे त्यात आहे. भाकरी कापून दिलेल्या मोकळ्या दिवसाला आपल्या भाषेत खाडा म्हणतात.

म्हणून मला त्या अठरा तासवाल्यांचा संताप येतो. दरवर्षी कुणीतरी शहाणा उठतो आणि म्हणतो, बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत, तर त्यांच्या जयंतीला सुट्टी कशाला, जादा काम करा. उत्तर प्रदेश सरकारनं एप्रिल २०१७ मध्ये पंधरा सार्वजनिक सुट्ट्या एका फटक्यात रद्द केल्या तेव्हाही असलीच भाषा कानावर येत होती, महापुरुषांची कामं करा, सुट्ट्या घेऊ नका. ऐकायला झकास. आपल्यातलेही टाळ्या वाजवतात. पण बाबासाहेबांनी स्वतःच्या हाडांना अठरा तास जुंपलं आणि कामगाराचा आठवडा मात्र अठ्ठेचाळीस तासांवर आणला. पहिलं त्यांनी स्वतःवर लादलं, दुसरं कायद्यात लिहिलं. अठरा तासवाल्यांनी हे उलटं केलंय. स्वतः साडेसहाला घरी, आणि अठरा तास बाईनं झाडू मारावा. पोरांनी जयंतीला लायब्ररीत सलग अठरा तास वाचावं, त्याला माझा सलाम आहे. ते त्यांचं त्यांनी ठरवलंय. ठेकेदारानं दुसऱ्यासाठी ठरवायचं नाही.

आता आपल्या काळाकडं या. १२ फेब्रुवारी २०२० ला महाराष्ट्र सरकारनं पाच दिवसांचा आठवडा जाहीर केला, २९ फेब्रुवारीपासून लागू. माझ्यासारख्यांना दोन दिवस सुट्टी, बदल्यात रोज पाऊण तास जास्त. ९.४५ ते ६.१५. शिपायांना मात्र ९.३० ते ६.३०, कारण साहेब यायच्या आधी दार उघडायला आणि गेल्यावर लावायला कुणीतरी लागतं. हा अर्धा तास बघा. एकाच सरकारच्या एकाच आदेशात आठवडा छोटा करतानासुद्धा खालच्या माणसाचा दिवस अर्ध्या तासानं लांब ठेवला. आणि ज्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू नाही त्या यादीत पोलीस आहेत, दवाखाने आहेत, तुरुंग, अग्निशमन, पाणीपुरवठा, आणि सफाई कामगार. अत्यावश्यक म्हणे! मला मान्य आहे, कचरा रोज उचललाच पाहिजे. पण अत्यावश्यक असेल त्याला जास्त माणसं लावतात, पाळ्या लावतात, बदली सुट्टी देतात, जास्त पैसे देतात. आपल्याकडं अत्यावश्यक माणूस सगळ्यात स्वस्त, आणि त्यातला ठेक्यावरचा तर खाड्यासकट.

माझे वडील एका महापालिकेत कायम सफाई कामगार होते. त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. लहानपणी मला वाटायचं गुरुवार हाच रविवार. सणाला कामावर गेले तर बदली सुट्टी मिळे, रजेची वही चौकीत असे, मुकादमाशी भांडून ती भरून घ्यायची सोय होती. कायम कामगाराला भांडता येतं. वहिनीला येत नाही, तिचं भांडण म्हणजे उद्यापासून नको येऊस. एकाच घरात एकाच झाडूच्या दोन पिढ्या, आणि दुसरी पिढी पहिलीपेक्षा कमी हक्काची. प्रगती म्हणतात ती हीच असेल तर आग लागो तिला.

खाजगीतल्या पोरांनी हसू नये. कॉल सेंटर, मॉल, गोदाम, सिक्युरिटी, कुठंही असा, तुमच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे. अगदी छोट्या दुकानांना तो सगळा लागू होत नाही, पण तुमच्यातले बरेच त्याखाली येतात. त्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या लिहिल्यात. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. म्हणजे १४ एप्रिल आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते. ठरवायच्या टेबलावर आपलं माणूस बसलेलं नसेल तर दिवाळी येते, गणपती येतो, होळी येते, आणि चार संपतात. किती पोरं १४ एप्रिलला बिनपगारी रजा टाकतात, आजोबांना दोनदा मारून सुट्टी घेतात, निळा फेटा बॅगेत लपवून नेतात! अरे, खोटं कशाला बोलता? कायद्यात जागा आहे, लेखी मागा. आणि दुचाकीवर डबे पोचवणाऱ्या आपल्या भावांची तर गोष्टच निराळी. त्यांना सुट्टीच नाही. सगळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना बिर्याणी पाहिजे असते.

वर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ वर आणि दुकान-आस्थापनांतला ९ वरून १० वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा वेळेला कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगतात. चार दिवस बारा तास राबा, तीन दिवस मजेत राहा, असं चित्र रंगवणारेही आहेत. एसी केबिनमध्ये बसणाऱ्याला ते परवडेल. बारा तास मशीनवर उभं राहणाऱ्याला, वर दोन तास लोकलमध्ये लटकणाऱ्याला, आणि घरी जाऊन पाणी भरणाऱ्या बाईला हे गणित कुणी विचारलं? आणि संमतीचं म्हणाल तर ठेक्यावरच्या माणसाची संमती कशी असते ते सांगायला वहिनी आहेच. कागद पुढं येतो, अंगठा उमटतो.

आता थोडं आपल्याच घरात. कारण बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं आहे आणि टाळ्याही पडतात.

१४ एप्रिलची रात्र. डीजे, निळे झेंडे, पाण्याचे पाऊच, सरबताचे ग्लास, खिचडीच्या पत्रावळी, फुलांचा चिखल. मला मिरवणूक आवडते, मीही नाचतो, आणि आपल्या नाचण्यावर नाक मुरडणाऱ्या गणपतीवाल्यांकडून ध्वनिप्रदूषणाचे धडे घ्यायची माझी तयारी नाही. पण १५ तारखेच्या पहाटे साडेपाचला त्या रस्त्यावर झाडू घेऊन कोण उतरतं? आपल्याच वस्तीतल्या बाया. रात्री लेकरांना खांद्यावर घेऊन त्याच मिरवणुकीत चाललेल्या. त्यांचा सण तीन तास झोपेचा. मंडळाकडं डीजेला पैसे असतात, मोठ्या बॅनरवर तीस चेहरे छापायला असतात. मिरवणूक संपल्यावर मंडळाच्या शंभर पोरांनी अर्धा तास रस्ता लोटायला पैसे लागत नाहीत. लोटा. फोटो काढू नका, फक्त लोटा.

आणि आपले साहेब. ही जात वेगळीच. राखीव जागेवर चढले, फ्लॅट घेतला, गाडीच्या काचेवर जय भीम लावलं. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी त्यांची संघटना निवेदनं देते, महागाई भत्त्यासाठी देते, बढत्यांसाठी कोर्टात जाते. जावं, हक्क आहे, माझंही नाव त्या वर्गणीत आहे. पण त्याच इमारतीतल्या ठेक्यावरच्या बायांना १४ एप्रिलचा रोज मिळाला का, हा सवाल संघटनेच्या एकाही बैठकीत निघत नाही. मी गेल्या बैठकीत काढला. अध्यक्ष म्हणाले, हा आपल्या कक्षेतला विषय नाही, ठेकेदार जाणे. आपल्याच माणसाच्या तोंडून पाटलाचा आवाज आला. मी म्हटलं, साहेब, ठेक्याची निविदा निघते तेव्हा तिच्यावर सही कुणाची असते? निविदेच्या अटींत एक ओळ घालायला काय जातं: सार्वजनिक सुट्टीला इमारत बंद राहिल्यास कामगाराचा रोज कापता येणार नाही, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जादा माणसं द्यावी लागतील. दोन वाक्यं. पलीकडं बसलेल्या दोघांनी मान हलवली, बाकीचे चहा आला का बघत होते.

हे होत नाही असं नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं महापालिकेच्या ठेक्यावरच्या सफाई कामगारांचा खटला वर्षानुवर्षं लढवला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. सत्तावीसशे घरं. त्यांच्या सुट्टीचा आता खाडा होत नाही. हे निवेदन देऊन झालं नाही, हजेरीचे पुरावे जमवून झालं. कागद जमवणं कंटाळवाणं काम आहे, त्यात घोषणा नाही, ताशा नाही, पण ठेकेदार आपल्या भाषणाला भीत नाही, कागदाला भितो.

म्हणून वहिनीनं आता शंभर पानी वही केली आहे. रोजची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. गेट बंद असेल तर तसं लिहायचं आणि गेटचा फोटो काढायचा, मागं कुलूप दिसेल असा. तिच्याबरोबरच्या अकरा जणींपैकी सात जणी लिहितात. ज्या दोघींना लिहिता येत नाही त्यांचं माझी पुतणी लिहून देते, आठवीत आहे. उरलेल्या दोघी घाबरतात, त्यांना घाई करायची नाही.

तुमच्या वस्तीत हेच करा, आणि मार्चमध्येच करा. ठेक्यावर जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा एप्रिलचा जुना पगाराचा कागद मागून बघा, किती हजेरी, किती खाडे, कुठल्या तारखांचे, वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. एप्रिल लागल्यावर कुणी सापडत नाही, सगळे डीजे ठरवायला गेलेले असतात.